निष्पत्तीचा रकाना

काल रात्री ते संशोधन पुन्हा वाचले.
अभ्यास बरेच, माणसे थोडी,
बहुतेक जुन्या नोंदी चाळून केलेले.
छातीत सुई घातलेले इतके, त्यातले वाचलेले इतके.
न घातलेले कोण होते, तितकेच मोडलेले होते का,
लेखक प्रामाणिक आहेत, सांगता येत नाही म्हणतात.
शेवटचे वाक्य नेहमीचे: अधिक अभ्यासाची गरज आहे.

त्यांच्याकडे हेलिकॉप्टर आहे.
माझ्याकडे भिकाजी घाडी
आणि देवगडपासून ओरोसपर्यंतचा रस्ता.

खडक बोहरा, वय सव्वीस, जिल्हा कैलाली, नेपाळ.
जामसंड्यापुढच्या बागेत हापूस उतरवताना
फांदीसकट जांभ्याच्या गडग्यावर.
मुठीत झेल्याचा तुटका बांबू, सोडत नव्हता.
छातीवर चीक सांडून भाजल्याचे डाग.
उजवी बाजू फुगलेली, हलत नव्हती.
मानेच्या शिरा दोरासारख्या.
ऑक्सिजन अठ्ठ्याहत्तर. पंचाहत्तर.

स्टेथोस्कोप लावला तर
इंजिन ऐकू आले,
सायरन ऐकू आला,
कुठलीशी सैल झालेली पत्र्याची पट्टी ऐकू आली.
श्वास उजवीकडे नव्हता,
किंवा मला ऐकू येत नव्हता.
या दोन ओळींत जेवढे अंतर आहे
तेवढ्यात माणूस जातो.

‘घाडी, थांबवा. सगळं बंद करा.’
‘हयच? वळणार, म्याडम?’
‘इथेच.’

तळेबाजार मागे पडले होते, शिरगाव यायचे होते.
काजूच्या पानांतून वारा गेला तेवढाच.
आता खात्री झाली: उजवीकडे काहीच नाही.

पाचवी फट, काखेच्या पुढच्या रेषेत,
बरगडीच्या वरच्या कडेला धरून.
नारंगी कॅन्युला.
हे मी याआधी एका रबरी छातीवर केले होते,
पुण्यात, गार हॉलमध्ये, चहाच्या सुट्टीआधी.
रबराला चीक लागलेला नसतो.
रबर पाणी मागत नाही.

फुस्स झाले का?
घाडी म्हणतात, झाले.
मला वाटते, त्यांनी दार सरकवले त्याचा आवाज असेल.
पण आकडा चढला.
ब्याऐंशी, अठ्ठ्याऐंशी, एक्क्याण्णव.
खडकने मूठ सोडली.

ऑक्सिजनही मी तेव्हाच वाढवला होता.
सलाईन धावत होते.
आणि गाडी हलायची थांबली होती.
यातले कशाने?

मागच्या नारळी पौर्णिमेनंतर
तारामुंबरीचा उत्तम खवणेकर.
विंचचा दोर तुटून छातीवर बसला होता.
तेव्हा गाडी थांबवली नाही.
सुई वेष्टनातच राहिली, तो नांदगाव तिठ्याला गेला.
शवविच्छेदनात हवा सापडली नाही,
रक्त सापडले, फाटलेली महाधमनी.
सुईने काही झाले नसते.
हे मी त्याच्या भावाला कागदावर छाती काढून समजावले.
सगळे नीट ऐकून तो म्हणाला,
‘पण होती मा तुमच्याकडे?’

दोन माणसे. एकाला टोचली, एकाला नाही.
एवढाच माझा अभ्यास,
आणि त्यातलाही एक हरवलेला:
ओरोसला खडकला नळी घातली, रात्रीच बांबोळीला पाठवले.
पुढचे मला माहीत नाही.
दिलेला नंबर मुकादमाचा होता,
आंबा संपल्यावर तोही बंद.

फॉर्मवर रकाने आहेत.
वेळ, किलोमीटर, काय केले.
केले नसते तर, याला रकाना नाही.
निष्पत्तीपुढे मी लिहिले: दरवाजापर्यंत जिवंत.
वरून विचारणा आली, हा पर्याय यादीत नाही.

बांबूचा तो तुकडा अजून सीटखाली आहे.
दर धुण्याला मी टाका म्हणते, घाडी टाकत नाहीत.
‘येतलो तो न्हेवक.’

आता फोन वाजतोय.
कुणकेश्वरच्या उतारावर दोन मोटारसायकली.
नारंगी कॅन्युला दोनच शिल्लक,
मागणी लिहायची राहिली.